किलोला एक रुपया



संगमेश्वरच्या एस.टी. स्टँडवर एका सकाळी आमच्या ओळखीची आठवीतली मुलगी दप्तर घेऊन उभी दिसली. त्याच दिवशी तिच्या शाळेचा कबड्डी संघ स्पर्धेसाठी रत्नागिरीला जाणार होता आणि चढाई करावी तर हिनेच, अशी तिची ख्याती. "तू नाही गेलीस?" म्हणून विचारले तर म्हणाली, "काका, पाय दुखतोय." पाय मुळीच दुखत नव्हता. गाडीभाडे, जेवण आणि बुटांचे पैसे ज्याने त्याने घरून आणायचे होते. आई मजुरीला जाते हे जाणून पोरीने घरी पैसे मागितलेच नाहीत.

आपण वर्गणी देत नाही असे नाही. जयंतीची देतो, मुंबई मंडळाची देतो, कोणाच्या घरी दुःखद प्रसंग घडला तर न मागता देतो. परंतु पोरांच्या खेळासाठी कोणी पावतीपुस्तक घेऊन आले तर "खेळून काय पोट भरतं?" असे म्हणून वाटेला लावतो. पुन्हा पोरांनाही दारोदार हात पसरायला लाज वाटते. ही लाज घालवणारी एक रीत आज सांगतो.

अमेरिकेतील शाळांमध्ये क्रीडा संघासाठी पैसे उभे करायला वजन उचलण्याचा कार्यक्रम ठेवतात. खेळाडू आधी नातेवाईक, शेजारी, दुकानदार यांच्याकडे जाऊन, आपण जेवढे वजन उचलू त्या हिशेबाने अमुक दराने देणगी द्या, असा शब्द घेतो. ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष वजन उचलले जाते आणि त्याप्रमाणे पैसे गोळा होतात. देणाऱ्याला वाटते, मी मेहनतीला दाम दिला. घेणाऱ्याची मान ताठ राहते.

ही गोष्ट आपल्याकडे अगदीच नवी नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले, तेव्हा त्यांना लोकांकडून पैसे जमवावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे सामने भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. अंगमेहनतीचा पैसा कसा उभा करावा आणि कसा फेडावा, याचा याहून मोठा धडा कोणता?

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट, वजन शाळकरी पोरांनी उचलायचे नाही. अमेरिकेतील पोरे शिक्षकाच्या देखरेखीखाली नियमित सराव करतात, आपल्याकडे ती सोय नाही. हे काम १८ वर्षांवरील, व्यायामशाळेत सराव असलेल्या माजी विद्यार्थ्यांचे. पोरांनी घरोघरी जाऊन शब्द घ्यायचा. वजन जमिनीवरून उचलून सरळ उभे राहायचे, एवढा एकच प्रकार पुरे. प्रत्येकाला तीन प्रयत्न, त्यातला उत्तम तो धरायचा. स्पर्धेतला पुरुषांचा दांडा २० किलोचा आणि स्त्रियांचा १५ किलोचा असतो, तो मोजायला विसरू नका. जोर लावून कोणी पडले तर? म्हणून डॉक्टर हजर पाहिजेत आणि पेलत नसेल त्याला "अजून, अजून" म्हणून चेव आणायचा नाही.

मुलींना वगळू नका. लाकडाची मोळी आणि पाण्याची कळशी आपल्या आया-बहिणींनीच वाहिली आहे. मणिपूरच्या मीराबाई चानूने लहानपणी अशाच मोळ्या वाहिल्या आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली रौप्यपदक घेतले.

हिशेब पाहा. समजा, एका तरुणाने ८० किलो उचलले आणि २० जणांनी किलोला १ रुपया कबूल केला आहे. झाले १,६०० रुपये. असे १० तरुण म्हणजे १६,०००. मजुरी करणाऱ्याने ५० पैसे दर लिहिला तर त्याचे ४० रुपये होतात, तेही तितक्याच मानाने घ्यावेत. कागदावर नाव, दर आणि "जास्तीत जास्त इतके रुपये" असा रकाना ठेवावा, म्हणजे भरात शब्द देऊन नंतर कोणी अडचणीत येणार नाही.

दिवस मे महिन्यातला धरावा. चाकरमानी गावी आलेले असतात आणि शाळांच्या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होण्याआधी पैसा हातात पडतो. मुख्याध्यापकांची परवानगी सुट्टी लागण्यापूर्वीच घ्यावी. पावती शाळेच्याच नावाची फाडावी, पैसा शाळेच्या खात्यात भरावा.

मी कारकुनी करणारा माणूस, म्हणून शेवटचे कलम माझ्या आवडीचे. आठ दिवसांच्या आत जमाखर्च लिहून शाळेच्या फळ्यावर लावा. किती जमले, गाडीभाडे किती, बूट किती, शिल्लक किती. एक रुपयाचाही मेळ लागला पाहिजे. वजनाच्या खेळात एका किलोने काय होते ते सांगलीच्या संकेत सरगरला विचारा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने एकूण २४८ किलो उचलले, मलेशियाच्या खेळाडूने २४९. कोपराला दुखापत झालेली असतानाही तो शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला. संकेतचे वडील सांगलीत पानाची टपरी आणि चहा-नाष्ट्याचा गाडा चालवत होते. "खेळून काय पोट भरतं?" असे त्यांनी म्हटले असते, तर?

ती मुलगी यंदा नववीत गेली. पुढच्या वेळी संघाची गाडी निघेल तेव्हा तिचे भाडे आधीच भरलेले असावे. मग पाय दुखतो म्हणाली, तर तो खरोखरच दुखत असेल.