रात्रीचे जेवण आणि बारा तासांची पाळी

गेल्या पावसाळ्यात भिवंडीतील एका आरोग्य शिबिराला श्रोता म्हणून मी उपस्थित होतो. व्याख्याते सुविद्य होते आणि त्यांचा हेतूही निर्मळ होता. रात्रीचे जेवण घरी शिजवलेले, साधे, ताजे आणि ऋतुमानाला धरून असावे, असे त्यांनी कळकळीने सांगितले. भात, वरण आणि एखादी पालेभाजी. अर्ध्या तासाचे काम! भाषण संपल्यावर मागच्या रांगेतील एका यंत्रमाग कामगाराने एवढेच विचारले, "साहब, कब?" सभेत हशा पिकला. व्याख्यातेही हसले. प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आपली, म्हणजे समाजवादी म्हणवणाऱ्यांची आहे.

व्याख्यात्यांचा सल्ला चुकीचा नव्हता. निसर्गाने ह्या तालुक्याला काही कमी दिलेले नाही. पाऊस सुरू झाला की वाडा-शहापूरकडच्या आदिवासी भगिनी शेवळे, टाकळा, कुरडू, करटोली टोपल्यांत घेऊन येतात. भात कापल्यावर जमिनीतल्या ओलाव्यावर वाल, हरभरा होतो. हिवाळ्यात मुळा आणि वालपापडी, उन्हाळ्यात कैरी. वालाचे बिरडे आणि वाड्याच्या तांदळाचा भात हे कोणत्याही आहारतज्ज्ञाने वाखाणावे असे जेवण आहे. परंतु त्यासाठी लागणारी एक वस्तू कोणत्याही बाजारात मिळत नाही. ती म्हणजे संध्याकाळ.

यंत्रमागावरची पाळी बारा तासांची. सकाळी आठला गेलेला माणूस रात्री आठला सुटतो. मजुरी मीटरवर, त्यामुळे माग थांबला की मजुरीही थांबली. उत्तर प्रदेश-बिहारहून एकटा आलेला कामगार ज्या खोलीत राहतो तेथे माणसे पाळीपाळीने झोपतात. चूल मांडायला कोपरा नसतो. तो 'भिसी'त, म्हणजे महिनेवारी खानावळीत जेवतो. "अर्धा तास" हा हिशोब फक्त शेगडीपाशी उभे राहण्याचा आहे. बाजार, निवडणे, पाणी भरणे, भांडी घासणे हे त्यात कोणी धरीत नाही. आठनंतर बाजारात उरते ती दिवसभर उन्हात सुकलेली भाजी. अशा माणसाने वडापाववर रात्र काढली, तर तो त्याच्या अज्ञानाचा दोष म्हणायचा काय?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्यात नवे काही नाही. १८६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावर एक दीर्घ प्रकरण आहे. मजुराच्या जेवणाच्या सुटीतली मिनिटे मालक कशी कुरतडतात, हे मार्क्सने त्यात इंग्लंडच्या कारखाना निरीक्षकांच्या अहवालांवरून दाखवले. भिवंडीत मिनिटे कुरतडण्याची गरजच उरली नाही. येथे संपूर्ण संध्याकाळच गिळली गेली.

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पण विजेवर चालणाऱ्या कारखान्याला तो लागू होई १० कामगारांपासून. म्हणून एकाच छपराखालचे माग कागदोपत्री भाऊ, मुलगा, पत्नी यांच्या नावे तोडले गेले. ही पळवाट बुजवण्याऐवजी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, ती मर्यादा २० वर नेली. उपाहारगृहाची अट २५० ऐवजी १०० कामगारांवर आली हे खरे; पण दहा-पंधरा माणसांच्या शेडला तिचा काय उपयोग? शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास मंजुरी दिली. म्हणजे भिवंडीचा दिवस संपूर्ण महाराष्ट्राला लागू करण्याची ही तयारी आहे!

आता घरातल्या स्त्रीकडे पाहू. ती कांड्या भरते किंवा काल्हेर-माणकोलीच्या गोदामांत माल बांधते. जेथे पूर्वी भात आणि वाल होत, तेथेच ही गोदामे उभी आहेत. घरी आल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातील बिनपगारी कामात गुंतलेली स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते, तर असे काम करणारा पुरुष ९७ मिनिटे. "घरचे ताजे अन्न" ह्या गोड शब्दांमागे कोणाची मिनिटे खर्ची पडतात हे स्पष्ट आहे.

येथे आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. १९७२ मध्ये मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने हजारो भगिनी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या आणि स्वयंपाकघर राजकारणात आले. गिरणगावातील खानावळवाल्या भगिनींना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देऊन सावकाराच्या पाशातून सोडवले. परंतु आपण तेल-रव्याच्या भावासाठी लढलो, बोनससाठी लढलो. वेळेसाठी लढलो नाही. आपले कितीएक कार्यकर्ते समतेवर भाषण करून घरी येतात आणि ताट वाढले जाण्याची वाट पाहतात. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे त्यांतलाच होता.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. आठ तासांची पाळी, आणि आठ तासांत कुटुंबाचे पोट भरेल असा मीटरचा दर. दराविना आठ तास म्हणजे अर्धपोटी राहणे होय. शिधापत्रिकेवर धान्याबरोबर डाळ आणि तेल, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेल्या माणशी ५ किलो धान्यात भात होतो, वरण होत नाही. भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेने रानभाजी विकणाऱ्या भगिनींना रात्री उशिरापर्यंत ओट्यांची हक्काची जागा द्यावी, आणि भिसी चालवणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना जागा व पाणी द्यावे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या नगरपालिका स्वस्त सार्वजनिक भोजनगृहे चालवू शकल्या. मग आपल्याला ते अशक्य का असावे?

आणि पुरुष कार्यकर्त्यांना एक विनंती. ठराव मंजूर होईपर्यंत थांबू नका. आज रात्री घरी भाजी तुम्ही निवडा, भांडी तुम्ही घासा. त्यानंतर यंत्रमागाच्या दारावर पत्रके वाटायला जाल, तेव्हा त्या कामगाराने विचारलेल्या "कब?" ला उत्तर देण्याचा थोडा तरी अधिकार आपल्याला असेल.