रायगडची खाण सांडपाण्यात आहे

पाताळगंगा, अंबा, कुंडलिका आणि सावित्री या नद्या रायगड जिल्ह्यातून वाहत समुद्राला मिळतात आणि खाडी गाठण्यापूर्वी प्रत्येकीच्या काठी एक औद्योगिक क्षेत्र लागते: रसायनी, नागोठणे, रोह्याजवळचे धाटाव, महाड. या उद्योगांनी हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु रासायनिक उद्योगांच्या सांडपाण्याबरोबर तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम यांसारखे धातूही वाहून येऊ शकतात आणि खाडीच्या गाळात बसतात. धरमतर खाडीच्या गाळाचे थर तपासून त्यांतील धातूंचे वितरण गोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यासलेलेही आहे. सेंद्रिय घाण कालांतराने कुजते. धातू कुजत नाही. तो कालवात, चिंबोरीत उतरतो आणि तेथून कोळी-आगरी घरांच्या ताटात येतो.

हाच धातू वनस्पतींकडून गोळा करवून पुन्हा उद्योगाला देता येईल काय? जगात हे घडू लागले आहे. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर असा एक वृक्ष आहे की ज्याच्या निळसर-हिरव्या चिकाच्या शुष्क वजनात २५ टक्क्यांपर्यंत निकेल आढळते. फ्रान्सच्या रसायनशास्त्रज्ञ क्लोद ग्रिझाँ यांनी तेथील खाणपट्ट्यांतील धातूसंचयी वनस्पतींची पाने वाळवून, उच्च तापमानावर जाळून, राखेवर आम्लाची प्रक्रिया केली आणि उत्प्रेरक बनविले. औषधे व सुगंधी द्रव्ये यांच्या निर्मितीतील अभिक्रियांना हे उत्प्रेरक चालतात. या कार्याबद्दल २०२२ मध्ये त्यांना युरोपीय संशोधक पुरस्कार मिळाला.

यात भारतीय वाचकाला टोचावी अशी एक गोष्ट आहे. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी वनस्पतीकरवी मातीतून सोने उचलून दाखविले, ती वनस्पती होती भारतीय मोहरी. आपल्या फोडणीतली! वराहमिहिराने बृहत्संहितेत झाडे व वारुळे पाहून भूजल ओळखण्याची लक्षणे नोंदविली. झाड जमिनीच्या पोटातले सांगते, ही दृष्टी या देशाला नवी नव्हती. मात्र त्या अभिमानावर प्रयोगशाळा चालत नाही.

अर्थात न्यू कॅलेडोनियाची नक्कल रायगडात करून भागणार नाही. तेथील माती निकेलने समृद्ध आहे. येथे बसाल्ट आणि जांभा. रायगडची खाण जमिनीत नाही, सांडपाण्यात आहे, आणि तिला योग्य अशी वनस्पती म्हणजे सर्वांच्या शिव्या खाणारी जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे तण पाण्यातील शिसे, तांबे, क्रोमियम प्रामुख्याने मुळांत साठविते. ग्रिझाँ यांच्या पथकाने पुढचे पाऊल टाकले: ती जिवंत असण्याचीही गरज नाही. वाळवून केलेली तिची भुकटी गाळणीसारखी वापरली तर पाण्यातील पॅलेडियमसारखा मौल्यवान धातू तिला चिकटतो आणि तीच भुकटी उत्प्रेरकाचा कच्चा माल होते. जगातील पॅलेडियमचे बहुतांश उत्पादन रशिया आणि दक्षिण आफ्रिकेत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या गाळणीचे मोल कळते.

आज जलपर्णीचे काय होते? यंत्राने उपसायची आणि काठावर कुजत ठेवायची. पहिल्याच पावसात तिच्यातील धातू पुन्हा प्रवाहात. जी उपसली जात नाही ती पुराबरोबर खाडीत येते, खाऱ्या पाण्याने मरते आणि आपला साठा तेथेच सोडते. तिचे खत करावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. स्वच्छ तळ्यापुरता तो ठीक, पण औद्योगिक सांडपाणी मिसळणाऱ्या नदीतील जलपर्णीचे खत म्हणजे नदीतला धातू भाजीच्या वाफ्यात नेणे होय.

येथे एक भेद काटेकोरपणे पाळावयास हवा. तिवर, चिपी, कांदळ यांच्या मुळांतही धातू साठतात, म्हणून उद्या कोणी खारफुटीचीच ‘कापणी’ सुचवील. ते घातक ठरेल. खारफुटीच्या प्राणवायूविरहित चिखलात धातू गंधकाशी बांधलेले असतात. झाडे तोडून तो चिखल हवेला उघडा पडला की हे बंध सुटतात आणि बंदिस्त धातू पाण्यात येतो. खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले, त्यामागे असे शास्त्रीय आधार पुष्कळ आहेत. जलपर्णी कापावी, तिवर राखावे.

हिशेबाचेही बोलले पाहिजे. जस्त-तांब्यासारखे स्वस्त धातू परत मिळविण्यात नफा शोधू नये. तेथे लाभ एवढाच की ते खाडीत जात नाहीत. पॅलेडियमची गोष्ट निराळी. मात्र गाळणी सामायिक प्रक्रिया केंद्रावर बसवून उपयोग थोडा, कारण तेथे अनेक कारखान्यांचे पाणी मिसळून धातू विरळ झालेला असतो. ती ज्या कारखान्यात असा उत्प्रेरक वापरला जातो त्याच्याच निकासद्वारी बसली पाहिजे. मग ‘वनस्पती शुद्ध करतील’ असे सांगून नदीत सोडण्याची पळवाटही उरत नाही.

लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर. काठावरच्या बचत गटांनी स्वच्छ तळ्यांतील जलपर्णी काढून, वाळवून, दळून द्यावी आणि धाटावच्या एखाद्या कारखान्याने एक वर्ष ती आपल्या नळाशी लावून पाहावी, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. वर्षाअखेरीस त्या भुकटीत किती धातू सापडला, हा आकडा कारखान्याने गावाच्या फलकावर लावावा.