वसतिगृहाचाही कटऑफ सांगा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पर्याय अर्ज भरण्याआधी वसतिगृहाची माहिती मिळणेबाबत.

महोदय,


वसतिगृहाच्या अर्जात एक रकाना असतो : स्थानिक पालकाचे नाव, पत्ता व सही. मी त्या रकान्यातली बाई आहे. माहेर अंबाजोगाईकडचं, सासर लातूरचं, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळं घर पुण्यात. एवढ्या भांडवलावर मी नात्यातल्या, गावातल्या आणि नात्यातल्यांच्या गावातल्या कितीतरी पोरांची स्थानिक पालक होऊन बसले. कुणाची मामी, कुणाची मावशी, कुणाची नुसतीच ‘पुण्याच्या काकू’. जुलै-ऑगस्टात आमच्या हॉलमध्ये एक गादी कायम पसरलेली असते. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. ती ज्या कारणानं पसरावी लागते, त्याबद्दल आहे.

अभियांत्रिकीचं उदाहरण घेते, कारण ती प्रक्रिया आपल्या खात्याच्या सीईटी कक्षाकडून चालते आणि मला ती आता तोंडपाठ झाली आहे. निकाल लागतो. मग पोरं आणि त्यांचे बाप मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या घेऊन बसतात. कॉम्प्युटर की ईएनटीसी, पुणे की सांगली, स्वायत्त की विद्यापीठाशी संलग्न, यावर रात्र रात्र खल चालतो. एकेका चॉइस कोडसाठी, म्हणजे कॉलेज आणि शाखेच्या एकेका जोडीसाठी, पर्सेंटाइलच्या दशांशापर्यंत हिशोब होतो. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, तर जागा आपोआप फ्रीझ होते. मग पुढच्या फेरीचा विचारच संपला. ठरलेल्या मुदतीत कागद दाखवायचे, फी भरायची, प्रवेश पक्का करायचा. आणि हे सगळं झाल्यावर कॉलेजच्या खिडकीवर पहिल्यांदा प्रश्न निघतो : हॉस्टेलचा फॉर्म कुठं मिळेल?

फॉर्म मिळतो. यादी लागायची असते. ती गुणवत्तेवर लागणार, अंतरावर लागणार, प्रवर्गानुसार लागणार की तिन्हीची मिसळ असणार, हे खिडकीवरच्या माणसालाही नेमकं सांगता येत नाही. तोवर वर्ग सुरू होतात. यादीत नाव आलं तर ठीक. नाही आलं, तर जो मुलगा घराजवळचं कॉलेज सोडून इथं आला, त्याला परत फिरता येत नाही, कारण ती जागा एव्हाना दुसऱ्याला गेलेली असते. मुलगी देताना सासरची विहीर आधी बघून येणारी आमची माणसं, चार वर्षांसाठी लेक धाडताना मात्र तिची खोली कुठं असेल हे न बघता फी भरतात. बघणार कशी? बघायचा टप्पाच आपण मागे ठेवला आहे.

आपल्या सरकारनं एक चांगलं काम केलं, ते आधी म्हणते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. माझ्या ओळखीतल्या दोन बापांनी तेवढ्या एका कारणानं मुलींना पुढं शिकवलं. पण याचा अर्थ असा झाला, की या मुलींच्या घरी आता खर्चाचा सगळ्यात मोठा आकडा कॉलेजच्या फीचा उरलेला नाही. तो राहण्या-जेवणाचा आहे. आणि नेमका तोच आकडा निर्णय घेताना त्यांच्यासमोर नसतो. संस्थेच्या माहितीच्या पानावर वसतिगृह आहे किंवा नाही एवढं कळतं, फार तर जागांची संख्या कळते. त्यातल्या किती जागा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली सोडणार नाहीत, मेस सक्तीची आहे का, अनामत किती, काही नाही.

हे उलटं कधीपासून झालं, याचं मला नवल वाटतं. कारण या राज्यात बहुजनांचं शिक्षण वसतिगृहांच्या आधारानं पसरलं. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होतं, शाळा होत्या. नव्हती ती खेड्यातून आलेल्या पोराला पाठ टेकायला जागा. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, आणि मग मुस्लिम, जैन, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात १९२४ साली सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली ठेवली, तेव्हा त्यांच्याकडं स्वतःचं कॉलेज नव्हतं. ते १९४७ साली आलं. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह उघडलं. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून गावाकडच्या मुलांना आसरा देत आली आहे. या सगळ्यांचा क्रम एकच होता : आधी राहायची सोय, मग वर्ग. आपल्या पोर्टलवर मात्र वर्ग आधी येतो, आणि राहायची सोय कशी मिळेल, हे तर पोर्टलवर येतच नाही.

वसतिगृह निवडणं म्हणजे काय असतं, हे मंत्रालयात बसून कळणं अवघड आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहिते. मी पोरांना सांगते, बघायला दुपारी चारला जाऊ नका. दुपारी चारला सगळी वसतिगृहं सारखीच दिसतात : झाडलेला पॅसेज, कुलपं लावलेल्या खोल्या, ऑफिसात पेंगणारा शिपाई. सकाळी साडेसातला जा. नळाला पाणी केवढं येतं, बाथरूमसमोर किती बादल्या लागल्या आहेत, गरम पाणी कितीला संपतं, ते तेव्हाच दिसतं. माहितीपत्रकात ‘सोलर’ एवढा एक शब्द असतो. ऐन पावसाळ्यात, म्हणजे पोर नवं नवं असताना, सोलर काय देतं ते दुसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा, रेक्टरना नको.

मग नोटीस बोर्ड वाचा. माझा त्याच्यावर माहितीपत्रकापेक्षा जास्त विश्वास आहे. पाण्याच्या सूचना एकाखाली एक चिकटवलेल्या असतील, तर ते वसतिगृह टँकरवर चाललं आहे. दंडाची यादीच लांबलचक असेल, तर तिथं माणसं कमी आणि नियम जास्त आहेत. मेसबद्दल चव विचारू नका, चव कुठंच आवडत नाही. खाडे कापतात का ते विचारा. दिवाळीत पंधरा दिवस पोर घरी जातं, त्या जेवणाचे पैसे परत मिळतात की ठेकेदाराच्या खिशात राहतात? रविवारी रात्री मेस बंद असते, त्या जेवणाचा खर्च महिन्याच्या हिशोबात धरला का? गावाकडून दर महिन्याला मोजून पैसे पाठवणाऱ्या घराला असल्या हिशोबानं मोठा फरक पडतो.

गेटच्या वेळेवर माझं आणि माझ्या भाचीचं पटत नाही. मला दार लवकर बंद झालेलं आवडतं. मला झोप लागते. ती म्हणाली, ‘मामी, आमच्या रोबोटिक्सच्या टीमचं काम रात्री आठनंतर सुरू होतं. मुलं थांबतात, आम्ही सह्या करायला पळतो. मग स्पर्धेला नावं कुणाची जातात?’ मला उत्तर देता आलं नाही. दिल्लीत २०१५ साली मुलींनी याच प्रश्नावर ‘पिंजरा तोड’ चळवळ उभी केली, तेव्हा मला ते जरा अतीच वाटलं होतं. पुढं जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या शासकीय मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. तो बंद दाराच्या आत, तिच्या खोलीत झाला, आणि संशय तिथल्याच पहारेकऱ्यावर होता. तेव्हापासून मी गेटची वेळ कमी विचारते आणि दुसरे प्रश्न जास्त विचारते. रेक्टर आवारातच राहतात का? सुट्टीच्या दिवसांत एका मजल्यावर किती मुली उरतात? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत नव्या मुलांना शक्यतो स्वतंत्र इमारतीत ठेवावं असं म्हटलं आहे. तुमच्याकडं ठेवतात का? रॅगिंग करणार नाही असं प्रतिज्ञापत्र आमच्याकडून लिहून घेतात, या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी लेखी देत नाही.

आणि वसतिगृह नाही मिळालं तर? तर कॉट बेसिस. पुण्यात हा शब्द सांगावा लागत नाही. पेठांतले जुने वाडे आणि त्यांच्या जागी उठलेल्या इमारती, कर्वेनगरातले बंगले, धनकवडीतल्या गल्ल्या. एका खोलीत चार कॉट, एक कपाट दोघांत. मालक सगळे वाईट नसतात. काही काकू मुलींना ताप आला तर पेज करून देतात. पण फोन केल्यावर पहिला प्रश्न गावाचा येतो आणि दुसरा आडनावाचा. ‘फक्त शाकाहारी’ ही पाटी तर उघड असते. न लावलेल्या पाट्या फोनवर ऐकू येतात. मी एका मुलीसाठी सकाळी फोन केला तेव्हा जागा रिकामी होती. तिचं आडनाव सांगितलं आणि ती तेवढ्यात भरली. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या वसतिगृहाला मी कितीही नावं ठेवली, तरी तिथली यादी आडनावाला दार लावत नाही. म्हणून ती यादी उशिरा लागणं ही माझ्या लेखी कार्यालयीन दिरंगाई नाही. त्या उशिराची किंमत सगळ्या पोरांना सारखी पडत नाही.

सामाजिक न्याय विभागाची स्वाधार योजना अशाच मुलांसाठी आहे, हे मला ठाऊक आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना २०१६-१७ पासून ती लागू झाली. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी योजना आखताना वर्षाला ६० हजार रुपये धरले, त्यातले ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे. वीस हजार भागिले बारा म्हणजे महिन्याला सोळाशे सदुसष्ट रुपये. तेवढ्यात कर्वेनगरात कॉट मिळते का, हे विभागातल्या कुणीतरी ओळख न सांगता फोन करून बघावं. खातं आपलं नाही, तरी मंत्रिमंडळ एकच आहे.

आता मागणी. नवी वसतिगृहं बांधा असं मी म्हणत नाही. ती बांधायला हवीत, पण त्याला जमीन लागते, पैसे लागतात, वर्षं लागतात. मी मागते ते मागवून छापायचं काम आहे. पर्याय अर्जात प्रत्येक चॉइस कोडसमोर वसतिगृहाचा तपशील दिसू द्या : प्रथम वर्षाच्या मुलांसाठी आणि मुलींसाठी या वर्षी खरोखर रिकाम्या असलेल्या जागा, मेस आणि अनामत धरून वर्षाचा एकूण खर्च, मुलांच्या आणि मुलींच्या गेटची वेळ, शेजारी शेजारी, यादी कोणत्या निकषावर लागते, आणि सर्वांत महत्त्वाचं, मागच्या वर्षी शेवटची जागा किती गुणांच्या, किती अंतरावरच्या मुलाला मिळाली. शाखेचा कटऑफ छापता, तसा वसतिगृहाचाही छापा. माझ्या गावातला बाप सातवी शिकलेला असला तरी कटऑफ वाचायला तो आता तयार झाला आहे. यादीत आपली पोर बसते की नाही, हे त्याला घरी बसून कळेल, आणि मग तो पुण्याचा कोड तिसरा टाकेल आणि लातूरचा पहिला. किंवा नाही टाकणार. पण ठरवेल तो.

दुसरं, पहिल्या फेरीचा प्रवेश पक्का करण्याची मुदत संपण्याआधी वसतिगृहाची तात्पुरती यादी लागली पाहिजे. फेऱ्या पुढं सरकतील तशी ती बदलेल. बदलू द्या. जागावाटपही बदलतंच की.

आपले अधिकारी म्हणतील, वसतिगृह ही संस्थेची अंतर्गत बाब आहे, संस्था स्वायत्त आहेत. याच संस्था शाखा, प्रवर्ग आणि कोट्यानुसार एकूणएक जागांचा तक्ता आपल्याकडं देतात. तो दिल्याशिवाय त्यांची एक जागाही पोर्टलवर येत नाही. त्याच तक्त्याला आणखी एक पान जोडायचं आहे. कुणी म्हणेल, विद्यापीठांच्या पदव्युत्तर विभागांचे आणि बीए-बीकॉमचे प्रवेश सीईटी कक्षाकडं नाहीत. खरं आहे. तिथं कुलगुरूंना परिपत्रक काढावं लागेल. पण त्यांची वाट बघत अभियांत्रिकीला थांबवायचं कारण नाही.

सगळ्यांचं एकदम जमत नसेल, तर कराड, अमरावती, चंद्रपूर, जळगाव, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांपासून सुरू करा. ती शासनाचीच आहेत. त्यांची वसतिगृहं शासनाच्या पैशानं उभी राहिली, त्यांचे रेक्टर शासनाच्या पगारावर आहेत, आणि मागच्या वर्षीच्या याद्या त्यांच्या कपाटात असणारच. एका पत्रानं मागवता येतील, आणि पुढचे पर्याय अर्ज उघडायच्या आत पोर्टलवर चढवताही येतील.

कळावे,

आपली,
एक स्थानिक पालक, पुणे