खुर्ची दिली, किल्ल्या नाही

बऱ्याच वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होतो. शंभरावर माणसं, पण रजेचा अर्ज असो की कुरिअरचं बिल, मालकांच्या सहीवाचून काही हलत नसे. त्यांच्या केबिनबाहेर एक निळा ट्रे होता. मोठ्या गिऱ्हाइकाचं एक कोटेशन त्यात नऊ दिवस पडून राहिलं आणि काम हातचं गेलं. मालक आळशी नव्हते. रात्री सगळ्यांत शेवटी तेच निघत.

ज्यानं कंपनी काढली त्यानंच ती चालवावी, असा सूर सध्या चढा आहे. २०२४ मध्ये स्टार्टअप गुंतवणूकदार पॉल ग्रॅहम यांनी ‘फाउंडर मोड’वर निबंध लिहिल्यापासून तर जास्तच. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज परतले आणि ॲपल सावरली, हे खरंच आहे. पण प्रत्येक संस्थापक जॉब्ज नसतो, आणि खुद्द जॉब्जही मधली बारा वर्षं बाहेर होते.

मला आपल्याकडची इन्फोसिस जास्त शिकवते. १९८१ साली पुण्यात, सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजारांवर उभी राहिलेली कंपनी. नारायण मूर्तींनी २००२ मध्ये सूत्रं सहसंस्थापक नीलेकणींकडे दिली. पुढचे दोघे सीईओही संस्थापकांपैकीच. २०१४ मध्ये विशाल सिक्का हे पहिले बाहेरचे सीईओ आले. मग पनाया कंपनीची खरेदी, माजी अधिकाऱ्याला निरोपाला दिलेली रक्कम, यावर मूर्तींनी जाहीर प्रश्न विचारले. ते विचारायलाच हवे होते, असं मी आजही म्हणतो. पण संस्थापकाचा शब्द साध्या भागधारकाचा राहत नाही. त्याला अख्ख्या घराण्याचं वजन असतं. ऑगस्ट २०१७ मध्ये सिक्का गेले, संचालक मंडळानं उघडपणे मूर्तींना दोष दिला. त्यांनी तो नाकारला. नीलेकणी परतले ते अध्यक्ष म्हणून. कारभार २०१८ पासून सलील पारेख यांच्याकडे. ही वाटणी टिकली.

पुण्यातच १९९० मध्ये पर्सिस्टंट सुरू करणाऱ्या आनंद देशपांड्यांनीही २०१९ मध्ये सीईओपद सोडलं, अध्यक्षपद ठेवलं. २०२२-२३ मध्ये कंपनीची वार्षिक उलाढाल एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

म्हणून संस्थापकानं घर सोडावं, असं मी म्हणणार नाही. कमरेच्या किल्ल्या मात्र काढून द्याव्यात, आणि हातपाय चालताहेत तोवर. तरुण उद्योजक भेटले की मी एकच विचारतो: तुम्हाला न विचारता तुमच्या कंपनीत आज कोण सही करू शकतं, आणि किती रुपयांपर्यंत?