संगणकाच्या खोलीला कुलूप कोणी लावले?

जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत सहज जाऊन पाहा. वऱ्हांड्याच्या टोकाला एक खोली बंद असते. दारावर ‘संगणक कक्ष’ अशी रंगवलेली पाटी, आत पाच-सहा संगणक, त्यांच्यावर कापडी झाकणे आणि झाकणांवर धूळ. किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, ‘मुले बिघडवतात. बिघडले तर भरून कोण देणार?’ बिचाऱ्या मुख्याध्यापकांचेही चुकत नाही. डेडस्टॉक रजिस्टरवर सही त्यांची असते. पण ज्या पोरांच्या नावाने तो संगणक आला, त्यांनी त्याला हात न लावता सातवी पास होऊन जायचे, ही कुठली रीत?

केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस अहवालानुसार 2024-25 मध्ये देशातील 64.7 टक्के शाळांत संगणक होते आणि 63.5 टक्के शाळांत इंटरनेट होते. म्हणजे तिसरा हिस्सा शाळा अजून कोरड्याच आहेत. त्यांच्यासाठी भांडलेच पाहिजे. पण जिथे यंत्र आले आहे तिथे ते वर्गात का येत नाही, हा प्रश्न आम्हाला अधिक जिव्हारी लागतो. त्याचे उत्तर यंत्रात नाही, शिक्षकाच्या हातात आहे. तो हात तयार करण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी ती कशी पार पाडली हे तपासावे लागेल.

शिक्षकाला तंत्रज्ञान यावे की न यावे, यावर चर्चासत्रे भरवणे प्रस्थापित वर्गाला परवडते. त्याच्या पोराला शाळेने शिकवले नाही तरी घर शिकवते. बापाचा लॅपटॉप असतो, मामा पुण्याच्या कंपनीत असतो, उन्हाळी सुट्टीत कोडिंगचा क्लास असतो. वस्तीतल्या, तांड्यावरच्या, पालावरच्या पोराला असा मामा नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाच्या पोराला तर सहा महिने घरच नसते. त्याच्यासाठी शाळेतला शिक्षक हीच एकमेव खिडकी. ती बंद राहिली तर नुकसान कोणाचे होते, हे वेगळे सांगायला नको.

हे काही आजच सुचलेले शहाणपण नाही. जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा प्राथमिक शिक्षक कसा असावा हे स्पष्ट सांगितले होते. तो प्रशिक्षित असावा, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, आणि खालच्या मानल्या गेलेल्या लोकांत तो मोकळेपणाने मिसळणारा असावा. त्याचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, हेही त्यांनी बजावले. ज्या हत्यारावर समाजाचे पोट चालते ते हत्यार मास्तराला माहीत हवे, नुसती पोथी नको, असा त्याचा अर्थ. आज हत्यार बदलले आहे. मास्तरांच्या प्रशिक्षणाची तऱ्हा मात्र पोथीचीच राहिली.

2001 साली महाराष्ट्रात एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी आली. सरकारी नोकरांना ते प्रमाणपत्र सक्तीचे झाले, वेतनवाढीशी जोडले गेले. शिक्षकांनी फी भरली, परीक्षा दिली, प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात करून घेतली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. त्यात पत्र टाइप करायला आणि तक्ते भरायला शिकवले. चौथीच्या वर्गाला भागाकार किंवा सातवीला पृथ्वीचे परिवलन शिकवताना त्या पडद्याचे काय करायचे, हे कोणी शिकवले नाही. कारकुनाला आणि शिक्षकाला एकच अभ्यासक्रम!

पुढे 2004 मध्ये केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना आली. आपल्या राज्यात ती ‘बूट’ पद्धतीने कंपन्यांच्या हाती गेली. (या बुटाखाली कोण सापडले ते पुढे दिसलेच.) कंपनीने संगणक बसवायचे, कंत्राटी संगणक शिक्षक नेमायचा, पाच वर्षांनी सामान शाळेला सोपवून निघून जायचे. मुदत संपली तेव्हा जुनाट यंत्रे शाळेकडे आली आणि ती चालवणारे तरुण बेकार झाले. त्यांनी आझाद मैदान गाठले. इकडे नियमित शिक्षकाची अशी समजूत झाली होती की संगणक म्हणजे ‘त्या पोराचे’ काम, आपले नव्हे. पोरगा गेला आणि खोलीला कुलूप लागले. आता शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रुजला. शेकडो शिक्षकांनी पदरमोड करून, गावात लोकवर्गणी गोळा करून वर्गात प्रोजेक्टर लावले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याच्या कामासाठी 2020 साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. सरकारी शाळेचा मास्तर काय करू शकतो ते जगाने पाहिले. पण एका शिक्षकाचा सत्कार म्हणजे लाखो शिक्षकांचे प्रशिक्षण नव्हे. लोकवर्गणीचेही तसेच. ज्या गावात ऊस आहे तिथे वर्गणी जमते. ज्या वस्तीत रोजंदारी आहे तिथल्या शाळेने कोणापुढे हात पसरायचा?

शिक्षकाला मोबाइल येत नाही, हा आरोप मात्र आम्ही मान्य करणार नाही. त्याला तो नको इतका येतो. ‘सरल’ची माहिती, यू-डायसची माहिती, पोषण आहारात आज किती ताटे वाढली त्याची माहिती, वृक्षारोपणाचा फोटो, कुठल्याशा सप्ताहाच्या शपथेचा फोटो. केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘तात्काळ’ असा निरोप पडला की वर्ग सोडून तो नेटवर्कच्या शोधात टेकडीवर जातो. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक काम शिक्षकाला देण्यास मनाई केली आहे. पोर्टल भरणे हे अशैक्षणिक काम आहे, हे प्रशासनाला अजून उमगलेले दिसत नाही. तंत्रज्ञान आले ते शिक्षकाला कारकून करण्यासाठी, असे शिक्षक म्हणू लागले तर त्यांना दोष कसा द्यायचा?

आणि 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा याच शिक्षकाला एका रात्रीत ‘ऑनलाइन’ शिकवायला सांगितले गेले. ज्यांना जमले त्यांनी केले. काहींनी पारावर, समाजमंदिरात चार-चार पोरे बसवून शिकवले. त्या काळातले सर्वांत चांगले ‘तंत्रज्ञान’ बहुधा तेच होते. आज फोन घरोघरी पोचला आहे. ‘असर’च्या 2024 च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील 14 ते 16 वयोगटातल्या सुमारे 82 टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो, आदल्या आठवड्यात 76 टक्क्यांनी तो समाजमाध्यमांसाठी वापरला आणि 57 टक्क्यांनी अभ्यासासाठी. या दोन आकड्यांमधली दरी कंपनी भरून काढणार नाही. ते शिक्षकाचे काम आहे.

आमच्या मुलांच्या बाबतीत तर ते पोटापाण्याचे काम आहे. शिष्यवृत्तीचेच उदाहरण घ्या. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. आधारवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव एका अक्षराने वेगळे, बँक खाते आधारशी न जोडलेले, धर्म-जातीच्या रकान्यात चुकीची नोंद, उत्पन्नाचा दाखला जुना. यातले एक जरी झाले तरी अर्ज परत येतो. तो परत आला आहे हे पोराला कळतच नाही, कारण लॉगिन सायबर कॅफेवाल्याच्या वहीत असते. बाबासाहेबांनी झगडून मिळवलेली सवलत अशी पासवर्डापायी बुडते. दहावीच्या वर्गशिक्षकाने फेब्रुवारीतच चार तास देऊन प्रत्येक मुलाकडून ही कागदपत्रे जुळवून घेतली, स्वतःचा अर्ज स्वतः भरायला शिकवले, तर त्या चार तासांचे मोल एखाद्या स्मार्टबोर्डापेक्षा जास्त आहे. आम्ही ज्याला शिक्षकाचे तंत्रकौशल्य म्हणतो ते हे.

दुसरे, खरे-खोटे पारखण्याचे. बाबासाहेबांच्या नावावर रोज बनावट वाक्ये फिरतात, आणि खेदाची गोष्ट म्हणजे ती आपलीच माणसे 14 एप्रिलला पुढे पाठवतात. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड आज संगणकावर फुकट वाचता येतात. संविधान सभेतील चर्चा वाचता येते. 1955 साली बीबीसीने घेतलेली मुलाखत प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या आवाजात ऐकता येते. नागरिकशास्त्राच्या तासाला तो आवाज वर्गात घुमला तर? पण त्यासाठी तो कुठे सापडतो हे सरांना ठाऊक हवे. 2022 अखेर चॅटजीपीटी आल्यापासून विचारल्याबरोबर निबंध लिहून देणारी यंत्रे पोरांच्या हाती आहेत. ती चुकाही तितक्याच ठामपणे लिहितात. यंत्राने सांगितले म्हणून खरे मानू नकोस, मूळ पान काढ, हे सांगायला शिक्षकाने आधी स्वतः ते करून पाहिलेले असावे लागते.

तिसरी गोष्ट कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. वर्गात एकच संगणक असला तर माउस कोणाच्या हातात असतो? सरपंचाच्या, दुकानदाराच्या पोराच्या. ज्याला घरून सवय आहे त्याच्या. आमचे पोर मागे उभे राहून टाचा उंचावून बघते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले गेले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी गलका करून डबे हलवले, हा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. पण त्यातली एक बाजू आपण विसरतो. भीमराव फळ्यापर्यंत गेले, कारण मास्तरांनी त्यांना बोलावले होते.

केरळने हे काम वेगळ्या वाटेने केले. 2001 मध्ये त्यांनी ‘आयटी ॲट स्कूल’ सुरू केले. शिक्षकांनाच प्रशिक्षक केले, आणि कंपनीच्या महागड्या परवान्याऐवजी मुक्त सॉफ्टवेअर घेतले. 2024 मध्ये त्यांनी माध्यमिक शिक्षकांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रशिक्षण द्यायला घेतले. तिथे सारे गोड आहे असे नाही. 2020 च्या जूनमध्ये टीव्हीवरचे वर्ग बघता येईनात म्हणून एका दलित मजुराच्या शाळकरी मुलीने त्याच केरळात जीव दिला. तयार शिक्षक असूनही घरात पडदा नसला की काय होते ते त्या मुलीने दाखवले. आपल्याकडे तर दोन्ही बाजूंनी बोंब.

आता थोडे आपल्या घरातले. चळवळीच्या जोरावर नोकरीला लागलेले हजारो शिक्षक आज आपल्यात आहेत. आपल्या कर्मचारी संघटना रोस्टरसाठी, पदोन्नतीसाठी, बदल्यांसाठी लढतात, लढलेच पाहिजे. पण शाळेतल्या प्रशिक्षणाच्या दर्जासाठी निवेदन दिल्याचे आम्ही फारसे ऐकले नाही. जून-जुलैच्या चार रविवारी गावातल्या विहारात एक लॅपटॉप घेऊन दोन तास बसायला, प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज पोरांच्या हातून भरून घ्यायला कोणत्या शासन निर्णयाची गरज आहे?

पालकांनीही हात झटकू नयेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यात प्रमाणात स्थान आहे. ही समिती पाटलाच्या ओसरीवर कागदोपत्री भरत असेल तर ती शाळेत भरवायला लावा. आपल्या बायाबापड्यांनी त्या बैठकीला जावे. संगणकाच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवायला सांगावी. ती खोली मागच्या महिन्यात किती वेळा उघडली, कोणत्या सरांनी उघडली आणि कोणकोणत्या मुलांनी यंत्राला हात लावला, हे विचारावे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.