बर्गर-पिझ्झाच्या साखळ्या बदलताहेत: बटाटा, टोमॅटो आणि दूध उत्पादकांनी काय ओळखावे?

बर्गर, पिझ्झा आणि फ्राइड चिकनची दुकाने आता फक्त मुंबई-पुण्यात राहिलेली नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी आणि महामार्गालगतच्या गावांतही ती दिसतात. डोमिनोजची देशात दोन हजारांहून अधिक दुकाने आहेत. पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्या मुंबईच्या वेस्टलाइफ फूडवर्ल्ड कंपनीची चारशेहून अधिक आहेत. साहजिकच शेतकरी गटांच्या बैठकीत प्रश्न येतो, ‘यांना माल लागतोच, मग आपण का पिकवू नये?’

प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर पिकागणिक वेगळे आहे. साखळी दुकानांचा मेन्यू गेल्या काही वर्षांत वेगाने बदलतो आहे. काही मालाची मागणी त्यामुळे पक्की होते, काही मालाची एका रात्रीत थांबते. तुमचे पीक यांपैकी कोणत्या गटात बसते, हे लागवडीआधी ओळखायला हवे.

दुकान नव्हे, कारखाना तुमचा ग्राहक

या साखळ्या १९९५-९६ मध्ये देशात आल्या तेव्हा शेतकऱ्यांमध्ये मोठी शंका होती. जानेवारी १९९६ मध्ये प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाने बंगळूरमधील केएफसीच्या दुकानावर मोर्चा नेऊन तोडफोड केली होती. त्याच वर्षी दिल्ली आणि मुंबईत मॅकडोनाल्ड्स सुरू झाले. पुढे या साखळ्यांनी देशातच पुरवठादार उभे केले. बारामतीची डायनामिक्स डेअरी चीज स्लाइस देऊ लागली, तळेगावची त्रिकाया कंपनी आइसबर्ग लेट्यूस देऊ लागली, तळोजाच्या विस्टा कारखान्यात पॅटी तयार होऊ लागल्या.

या व्यवस्थेत दुकान शेतकऱ्याकडून जवळपास काहीच विकत घेत नाही. कापलेले, तळलेले, गोठवलेले सगळे कारखान्यातून येते. म्हणून तुमच्या गावाजवळ दुकान उघडले याचा अर्थ तुमच्या मालाला बाजार मिळाला असा होत नाही. बाजार आहे तो प्रक्रिया कारखान्याच्या गेटवर. तो तुमच्यापासून किती अंतरावर आहे आणि कोणत्या महिन्यात माल घेतो, हे आधी पाहा.

टोमॅटो: एका सूचनेत बंद झालेली मागणी

जुलै २०२३ आठवा. टोमॅटोची आवक घटली आणि दिल्लीत किरकोळ भाव किलोला २०० रुपयांच्या पुढे गेला. उत्तर आणि पूर्व भारतातील मॅकडोनाल्ड्सच्या अनेक दुकानांनी योग्य प्रतीचा टोमॅटो मिळत नसल्याचे सांगून तो बर्गरमधून काढून टाकला. ऑगस्टमध्ये बर्गर किंगनेही तेच केले. ग्राहकाने बर्गर घ्यायचे थांबवले नाही. सप्टेंबरमध्ये मात्र नाशिक भागात आवक वाढून भाव इतके पडले की शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला.

चकती म्हणून वापरला जाणारा टोमॅटो किंवा लेट्यूसचे पान नसले तरी बर्गर विकला जातो. साखळी हा घटक आज काढू शकते. तुम्ही मात्र रोप लावल्यावर, मांडव बांधल्यावर आणि ठिबक टाकल्यावर पीक मागे घेऊ शकत नाही. या गटातला माल फक्त साखळीच्या भरवशावर लावू नये. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतसारखा खुला बाजार जवळ असेल आणि साखळीचा पुरवठादार हा तुमचा दुसरा किंवा तिसरा ग्राहक असेल, तर जोखीम पेलते.

लेट्यूसमध्ये धोका जास्त आहे, कारण त्याला मोठा खुला बाजारच नाही. थंड हवामान, काढणीनंतर लगेच पूर्वशीतकरण आणि २ ते ४ अंश तापमानात वाहतूक लागते. खरेदीदाराने एक गाडी नाकारली तर तो माल स्थानिक आठवडी बाजारात खपत नाही.

बटाटा: मेन्यूतून न निघणारे पीक

फ्रेंच फ्राइजची गोष्ट उलट आहे. बटाटा काढला तर मेन्यूच उरत नाही. शिवाय या पिकात देशाचे चित्र पूर्ण पालटले आहे. २०१०-११ मध्ये भारत साडेसात हजार टनांहून अधिक गोठवलेल्या फ्राइज आयात करत होता. २०२३-२४ मध्ये भारताने सुमारे १ लाख ३६ हजार टन फ्राइज निर्यात केल्या. त्यांचे मूल्य सुमारे १,४७८ कोटी रुपये होते. एक किलो फ्राइजला साधारण पावणेदोन ते दोन किलो बटाटा लागतो. म्हणजे केवळ निर्यातीसाठी अडीच लाख टनांच्या आसपास बटाटा कारखान्यांत गेला.

हा बदल मुख्यतः उत्तर गुजरातेत झाला. मॅकेनचा मेहसाण्याचा कारखाना, हायफन आणि इस्कॉन बालाजीसारख्या कंपन्या, आणि बनासकांठा, साबरकांठा, अरवली जिल्ह्यांतील करार शेती यांवर तो उभा आहे. तिथे हिवाळा पुरेसा थंड आणि कोरडा आहे, जमीन हलकी आहे, ठिबक आणि तुषार सिंचन पसरले आहे आणि कारखाने जवळ आहेत.

मात्र बाजारातला भाजीचा बटाटा या कारखान्यांना चालत नाही. त्यांच्या मुख्य अटी अशा असतात:

- कंदात शुष्क पदार्थ साधारण २० टक्के किंवा अधिक असावा. पाणीदार बटाटा तेल जास्त पितो आणि मऊ पडतो.
- अपचायक साखर कमी असावी. वेफर्ससाठी ती ताज्या वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आत लागते. साखर वाढली की तळताना काप काळपट होतो.
- फ्राइजसाठी लांबट, मोठे कंद लागतात. वेफर्ससाठी गोल, मध्यम कंद चालतात.
- हिरवे झालेले, चिरलेले, पोकळ कंद वजनातून कापले जातात.

वाणही वेगळे आहेत. फ्राइजसाठी सँताना, इनोव्हेटर, केनेबेक, कुफरी फ्रायसोना. वेफर्ससाठी लेडी रोझेटा, कुफरी चिप्सोना-१ आणि चिप्सोना-३. भाजीचा बटाटा २ ते ४ अंशांवर साठवतात. त्या तापमानात कंदातील स्टार्चची साखर होते. म्हणून प्रक्रियेचा बटाटा १० ते १२ अंशांवर, कोंब रोखण्याच्या उपचारासह ठेवावा लागतो. तुमच्या भागातील शीतगृहात अशी स्वतंत्र खोली नसेल, तर माल काढणीनंतर थेट कारखान्यात जाईल अशीच वेळ साधावी लागेल.

महाराष्ट्रात संधी कुठे?

आपल्याकडे हिवाळा तुलनेने छोटा आणि उबदार. कंद धरण्यासाठी रात्रीचे तापमान २० अंशांखाली लागते. लांबट, मोठा कंद तयार व्हायला पीक जास्त दिवस थंडीत राहायला हवे. त्यामुळे गुजरातमधील फ्राइजचे वाण आणून तसाच निकाल मिळेल असे गृहीत धरू नका. आधी अर्धा-एक एकरावर चाचणी घ्या.

खरिपात मात्र आपली बाजू वेगळी आहे. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारासारख्या भागात जूनमध्ये लागवड होऊन सप्टेंबरच्या सुमारास ताजा बटाटा निघतो. त्या वेळी उत्तरेकडचा बटाटा शीतगृहातला असतो. वेफर्स कारखान्यांना ताजा, कमी साखरेचा कंद हवा असतो आणि पुण्याजवळ रांजणगावला असा कारखाना आहे. या वेळेमुळेच पठारावर करार शेती टिकली. तुमच्याकडे अशी उंचावरची, निचऱ्याची जमीन असेल तर फ्राइजपेक्षा वेफर्सचा बटाटा जास्त व्यवहार्य ठरू शकतो.

व्यवस्थापनात तीन गोष्टी सांभाळा. नत्राचा हप्ता उशिरा देऊ नका, शुष्क पदार्थ घटतो. पालाश शक्यतो सल्फेट ऑफ पोटॅशमधून द्या. काढणीच्या १० ते १५ दिवस आधी पाला कापा म्हणजे साल घट्ट होईल. भर व्यवस्थित असेल तर कंद उघडा पडून हिरवा होत नाही.

चीज: मागणी वाढते, पण पर्यायही आहे

पिझ्झामुळे मोझरेला चीजची मागणी वाढली. एक किलो चीजला साधारण दहा लिटर गाईचे दूध लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चीज आणि लोण्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि पॅकबंद पनीरवरचा शून्य झाला. याने खप वाढायला मदत होईल. दुधाच्या खरेदीदरात तो लाभ आपोआप उतरेल असे मात्र नाही. २०२४ मध्ये गाईच्या दुधाला दर मिळेना म्हणून राज्य शासनाला लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान द्यावे लागले, ते पिझ्झाची दुकाने वाढत असतानाच.

दुसरा मुद्दा वनस्पती तेलापासून केलेल्या चीज आणि पनीरसारख्या पदार्थांचा. ते स्वस्त पडतात. स्वस्त ‘व्हॅल्यू’ मेन्यूची स्पर्धा वाढली की हा पर्याय वापरण्याचा मोह वाढतो. असे पदार्थ दुग्धजन्य म्हणून विकता येत नाहीत, असा नियम आहे. मार्च २०२५ मध्ये विधानसभेतही बनावट पनीरचा मुद्दा गाजला. दूध उत्पादक संघटनांनी भावासोबत या नियमाच्या अंमलबजावणीचाही पाठपुरावा केला पाहिजे. खऱ्या चीजची जागा तेलाने घेतली तर किलोमागे दहा लिटर दुधाची मागणी कमी होते.

चीजसाठी दूध देताना एक काळजी घ्या. प्रतिजैविकाचा अंश असलेल्या दुधात विरजण नीट काम करत नाही आणि कारखाना टँकर नाकारतो. स्तनदाहाच्या उपचारानंतर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत ते दूध संकलनात घालू नका.

ज्वारी-बाजरीचा बन आणि सोयाबीनची स्लाइस

२०२४ मध्ये वेस्टलाइफने म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या मदतीने भरडधान्यांचा बन आणला. त्यात ज्वारी, बाजरी, नाचणी, प्रोसो आणि कोद्रा आहे. २०२५ मध्ये सोयाबीन आणि वाटाण्याच्या प्रथिनांची स्लाइस आणली. ग्राहक आता बर्गरमध्येही पौष्टिकपणा शोधतो, हे यातून दिसते.

पण यावरून पेरा वाढवू नका. बनमधला मुख्य घटक अजूनही गहू आहे. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, तरी बाजारातला दर ठरतो तो पेंडीच्या आणि खाद्यतेलाच्या व्यवहारावर. बर्गरमधल्या एका स्लाइसने तो हलणार नाही. भरडधान्याच्या गटांनी मात्र एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कारखान्याला खडे-मातीविरहित, एकसारख्या आर्द्रतेचे धान्य लागते. गावात स्वच्छता आणि प्रतवारीचे यंत्र असेल तर बेकरी, शाळा, बचत गट असे इतर ग्राहकही मिळतात.

आपल्या वडापावच्या साखळ्या

मुंबईत २००१ मध्ये सुरू झालेले जंबोकिंग आणि २००४ मध्ये कल्याणहून सुरू झालेले गोली वडापाव यांनी रस्त्यावरच्या पदार्थाची साखळी केली. गोलीचे वडे कारखान्यात तयार होऊन गोठवलेल्या स्वरूपात दुकानात जातात. इथेही तोच नियम लागू होतो. बटाटा निघत नाही, पण खरेदी एका ठिकाणी, एकाच प्रतीची होते. सध्या मुंबई-पुण्याच्या बाजारात येणारा बराच बटाटा उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि गुजरातचा असतो. एकसारखा माल ठरलेल्या तारखांना देऊ शकणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीने अशा कारखान्यांशी बोलणी करायला हरकत नाही.

करारावर सही करण्यापूर्वी

२०१९ मध्ये वेफर्सच्या एफसी-५ वाणावरून पेप्सिकोने गुजरातमधील शेतकऱ्यांवर दावे लावले. काहींकडे प्रत्येकी एक कोटी रुपयांहून अधिक भरपाई मागितली. देशभर विरोध झाल्यावर मे २०१९ मध्ये दावे मागे घेतले गेले. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला बियाणे राखणे, पेरणे, देवघेव करणे आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकणे याचा हक्क आहे. पण करारातल्या अटी वेगळ्या असू शकतात. म्हणून हे प्रश्न लेखी उत्तरासह विचारा:

- बेण्याचा दर काय, आणि ते उगवले नाही किंवा रोगट निघाले तर भरपाई कोण देणार?
- भाव ठरावीक आहे की बाजाराशी जोडलेला? बाजार वर गेला तर फरक मिळेल का?
- प्रत कुठे तपासणार, शेतावर की कारखान्यात? तपासणीच्या वेळी तुमचा माणूस हजर राहू शकतो का?
- नाकारलेला माल कोणाचा, आणि परतीचे भाडे कोण देणार?
- ठरलेल्या तारखेला गाडी आली नाही तर जमिनीत राहिलेल्या मालाचे नुकसान कोणाचे?
- पैसे किती दिवसांत मिळतील?
- उरलेले बेणे पुढच्या वर्षी वापरता येईल का?

करार मराठीत मागा, प्रत स्वतःजवळ ठेवा आणि नोंदणी व वाद निवारणाबाबत बाजार समिती किंवा जिल्हा उपनिबंधक कार्यालयात चौकशी करा.

कृषी सहायक आणि शेतकरी कंपन्यांच्या संचालकांनी पुढच्या हंगामाच्या बैठकीत तीन रकाने करावेत: कारखान्याला टाळता न येणारा माल, पर्याय असलेला माल आणि कधीही काढता येणारा माल. पहिल्या रकान्यातल्या पिकासाठी करार करा, दुसऱ्यासाठी प्रत आणि नियमांवर लक्ष ठेवा, तिसऱ्यासाठी खुला बाजार हाताशी असल्याशिवाय क्षेत्र वाढवू नका.