आधी अर्ज, मग प्रदर्शन

अमेरिकेतील आयडाहो राज्यात बटाट्याच्या शेतात राबणाऱ्या फायलो फार्न्सवर्थ या शाळकरी मुलाला नांगराचे तास पाहून एक कल्पना सुचली. चित्रही असेच ओळीओळीने फोडून विजेच्या साहाय्याने दूर धाडता येईल! १९२२मध्ये त्याने शाळेच्या फळ्यावर आकृत्या काढून आपले शिक्षक जस्टिन टोलमन यांना ती समजावून सांगितली. ७ सप्टेंबर १९२७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या दूरचित्रवाणी उपकरणाच्या पडद्यावर एक साधी रेघ उमटली. पेटंटचा अर्ज त्याने त्याच वर्षी जानेवारीत दाखल केला होता. तेव्हा वय अवघे वीस!

पुढे या शोधाच्या पेटंटवरून आरसीए या बलाढ्य कंपनीशी वाद झाला, तेव्हा टोलमन सरांनी ती जुनी आकृती आठवणीने काढून दाखवली. १९३४मध्ये निकाल फार्न्सवर्थच्या बाजूने लागला आणि १९३९मध्ये कंपनीला त्याच्याशी परवान्याचा करार करावा लागला.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही बुद्धिमान मुलांची वानवा नाही. पण अनेक प्रकल्प प्रदर्शनात मांडले जातात आणि तिथेच विरतात. शिवाय कल्पना आधीच जगजाहीर झाली, तर तिच्या नावीन्याचा दावा धोक्यात येतो. प्राथमिक स्वरूपाचा अर्ज केला, तर पूर्ण तपशील सादर करायला आपला कायदा बारा महिने देतो; पेटंट मिळाल्यास संरक्षण वीस वर्षांचे. म्हणून विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या शिक्षकांना कळकळीची विनंती: प्रयोगवहीत रोज तारीख घालून नोंदी करा, आधी अर्ज करा आणि मगच आपले काम जगाला दाखवा.